रायफलीला कपाळ नसतं

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. दचकू नका. या घडीला माझ्या पोटात एकही गोळी नाही. गणवेशातल्या दोघांनी आळीपाळीने आत डोकावून तशी खात्री करून घेतली आहे. टेक्सासमधल्या एका पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत, लोखंडी फळीवर मी पडून आहे. गळ्यात कागदाची चिठ्ठी बांधली आहे. गुरुवारी मला यंत्राखाली घालून कापणार आहेत. त्याआधी माझी हकीकत तुमच्या कानावर घालावी म्हणते.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाचा दांडा कोरून माझी नळी केली आणि आतून आरशासारखी घासली. माझी गोळी मोठी, माणसाच्या मधल्या बोटाएवढी. एक सुटली की पुढची आपोआप वर चढते. माणसाने फक्त पुन्हा चाप ओढायचा. अशी वस्तू घरी नेण्याआधी माणसाने स्वतःला विचारायला हवं, मला ही नेमकी कशासाठी हवी आहे?

माझ्या पहिल्या मालकाने ते विचारलं होतं. डेल त्याचं नाव. मक्याची शेती करायचा. रानडुकरांचे कळप येत आणि पेरलेलं शेत ओळीच्या ओळी उकरून टाकत. डेलकडे आधी लहान गोळीची बंदूक होती. तिने एक मोठा नर नुसताच जखमी झाला आणि तीन दिवस झुडपात ओरडत राहिला. त्या तीन दिवसांत डेलच्या घशाखाली घास उतरला नाही. मग त्याने नीट विचार केला. जनावर थोराड, तर गोळीही तशीच हवी, म्हणजे त्याचे हाल होणार नाहीत. शेत उघडं, तेव्हा दोनशे पावलांवर नेम लागायला हवा. आवाज झाला की कळप उधळतो, म्हणून दुसरी गोळी चटकन निघायला हवी. माझं वजन साडेचार किलो, पण तो ट्रकच्या मागच्या फळीवर बसून मला टेकवायचा, त्यामुळे त्याचं ओझं झालं नाही. असं पारखून त्याने मला नेलं.

अकरा वर्षं मी त्याच्याकडे होते. काम झालं की गोळ्या काढायचा, नळीत डोकावून पाहायचा, तेलाच्या फडक्याने पुसायचा आणि म्हणायचा, "शाबास, म्हातारे." मग त्याची नजर मंदावली. एका सकाळी समोर डुक्कर आहे की शेजाऱ्याचं वासरू, हे त्याला उमगेना. त्याच दिवशी त्याने मला बंदुकांच्या दुकानात नेऊन दिलं. तसा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

पुढे मला रवींद्रकाकांनी घेतलं. मूळचे नागपूरचे, अठ्ठावीस वर्षं इथल्याच प्लेनो शहरात राहिलेले, आयटीतून रिटायर झालेले. माणूस मायाळू आणि देवभोळा. त्यांच्या समोरच्या घरी चोरी झाली होती. घरची मंडळी गणपतीच्या कार्यक्रमाला गेली असताना चोरांनी मागची काच फोडली आणि देवघरापर्यंत सगळं उलटंपालटं केलं. तेव्हापासून काका दाराची कडी तीनतीनदा बघायचे. भीती मनात बसली होती, पण बोलणार कुणापाशी?

त्यांनी लॅपटॉपवर तक्ता केला. डिशवॉशर घेताना केला होता, तोच काढून त्यात वजन, पल्ला, खांद्याला बसणारा धक्का, असे रकाने भरले. 'गरज' या रकान्यात त्यांची बोटं अडखळली असावीत. तो तक्ता घेऊन ते दुकानात आले. सोबत त्यांचे मित्र एकनाथकाका होते.

दुकानातल्या बाईंनी विचारलं, "कशावर चालवणार?"

"डुकरं. रानडुकरं," काका म्हणाले. "मित्राचं रँच आहे."

"कुठल्या मित्राचं?" एकनाथकाका मराठीत पुटपुटले. "माझं तर टाउनहाउस आहे यार!"

"तू गप्प बस रे."

बाई चांगल्या होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "घराच्या राखणीसाठी असेल तर ही नेऊ नका. हिची गोळी तुमच्या भिंतीतून जाईल आणि शेजाऱ्याच्याही. चांगलं कुलूप लावा, दिवे लावा, कुत्रा पाळा."

"नाही नाही, डुकरंच," काका म्हणाले. त्यांच्या तक्त्यात मला सगळ्यात जास्त गुण मिळाले होते.

बाहेर पडताना एकनाथकाका म्हणाले, "रवी, तुझ्या घरात झुरळ निघालं तर तू वहिनीला हाक मारतोस. हिचं काय करणार आहेस?" काका हसले, पण ते हसू वरवरचं होतं.

त्यांनी मला आतल्या खोलीतल्या स्टीलच्या कपाटात उभं केलं आणि कुलूप लावलं. किल्ली कुठे ठेवायची यावर खूप विचार केला. शेवटी ती देवघराच्या खणात ठेवली, वाती आणि कापराच्या डबीशेजारी. "देवापेक्षा चांगला राखणदार कोण?" असं सुनेत्राकाकूंना म्हणाले. काकू म्हणाल्या, "मग हे धूड कशाला आणलंत?"

खरं सांगते, त्या घरात मला एकच सुख होतं. दर शनिवारी दुपारी दिवाणखान्यात कीर्तन व्हायचं. झांजा, पेटी, बुवांचा खडा आवाज. गजर टिपेला पोचला की कपाटाचा पत्राही थरथरायचा. काका टाळ्या वाजवत, डोळे मिटून देवाला म्हणायचे, तूच रे बाबा सांभाळणारा. आणि भिंतीपलीकडे मी उभी! मला फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी मागच्या डेकवर काहीतरी खडबडलं. काकांनी घाईघाईने मला काढलं, मॅगझिन लावलं, एक गोळी नळीत चढवली. बाहेर होतं रकून, मांजराएवढं रानटी जनावर, कचऱ्याच्या डब्याशी झटापट करत. तेवढ्यात दाराची बेल वाजली. काकांनी मला तशीच आत ठेवली, कुलूप लावलं आणि विसरून गेले.

त्यांची मुलगी इला जवळच राहायची. तिची आन्या सहा वर्षांची. त्यानंतर काही दिवसांनी, कपाटात काय आहे हे कळल्यावर, इलाने जेवताना विचारलं, "बाबा, लोडेड नाहीये ना ती?"

"छे गं, रिकामी आहे," काका म्हणाले. पाहिलं नव्हतं. तरी म्हणाले. माझ्या तोंडाला शब्द असते तर त्या क्षणी मी ओरडले असते.

दसरा आला. सुनेत्राकाकूंनी आन्याला हाताशी घेऊन पूजा केली. लॅपटॉप, शिलाईचं मशीन, मिक्सर, दोन्ही गाड्या, सगळ्यांना हळदकुंकू आणि अक्षता. वाती काढताना आन्याला खणातली किल्ली ठाऊक झालेली होतीच.

"झालं बाई सगळं," काकू म्हणाल्या.

"नो आजी, आजोबांचं बिग मशीन राहिलं!"

पण दारात पाहुणे आले होते. कुणी ऐकलं नाही.

कुलूप उघडलं. इवल्या हातात हळदकुंकवाची कोयरी. आन्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "व्हेअर इज युअर कपाळ?" तिने मला विचारलं. मित्रांनो, रायफलीला कपाळ नसतं. तिने मला दोन्ही हातांनी आपल्याकडे झुकवलं, नळीचं तोंड शोधलं आणि त्याच्या वरच्या कडेला, श्वास रोखून, कुंकवाचं बोट टेकवलं. मग अक्षता टाकल्या, हात जोडले. तिचं कपाळ माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. आत ती गोळी होती. मध्ये उभा होता फक्त सेफ्टीचा एक खटका, नखाएवढा.

"आन्या!" इला दारात होती. तिने लेकीला असं उचललं की कोयरी लांब उडाली. मग काका धावत आले. त्यांनी माझी कडी मागे ओढली. गोळी टणकन फरशीवर पडली.

"लॉक तर होतं गं," काका म्हणाले.

इलाने ती गोळी पाहिली. पर्स घेतली, मुलीला कडेवर घेतलं आणि गेली. आन्या विचारत होती, "मम्मा, आय डिड इट राँग?"

आठ शनिवार गेले. कीर्तनं झाली, पण काकांच्या टाळ्या ऐकू आल्या नाहीत.

मग काकांनी पोलिसांना फोन करून विचारलं आणि मला डिकीत ठेवून इथे आणलं. आत जाण्यापूर्वी गाडीतूनच इलाला फोन लावला. मागे मला दोघांचंही बोलणं ऐकू येत होतं.

"देऊन टाकतोय गं. पार्किंगमध्येच आहे."

"बरं केलंत, बाबा."

"मग शनिवारी आणशील ना आन्याला? आता घरात काहीच नाही."

"आपण पार्कमध्ये भेटू. घरी नको."

"पण आता तर..."

"मी विचारलं होतं तुम्हाला. रिकामी आहे म्हणालात. आता काहीच नाही म्हणताय. मला बिलीव्ह करायचंय, बाबा. पण नाही जमत."

"ती विचारते का माझ्याबद्दल?"

"आधी रोज विचारायची, आजोबांकडे कधी जायचं. मी सांगितलं, त्यांच्या घराचं काम चाललंय. आता नाही विचारत."

काका म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

"हो."

फोन बंद झाला. काका आत गेले आणि फॉर्मवर 'नष्ट करावी' असं लिहून आले.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. कुणाच्या घरी माझ्यासारखी वस्तू दिसली तर हात लावू नका. तिथून निघा आणि मोठ्यांना सांगा. आणि मोठे व्हाल तेव्हा, कुणी तुम्हाला 'आत गोळी नाही ना?' असं विचारलं तर ताटावरून उठा, जाऊन पाहा आणि मग बोला. पाहिलं नसेल तर पाहिलं नाही म्हणा. त्या दिवशी काका ताटावरून उठले असते तर आठ पावलंच चालायची होती.

गुरुवारी माझे तुकडे होतील. काकांना अजूनही वाटतं, मी गेले की आन्या घरी येईल. मी डिकीतून ऐकलंय. ती येणार नाही.