गोलपोस्टासमोरचं गवत

मैदानावरच्या राखणदाराच्या खोलीतलं बाबांचं सामान न्यायला ती आली, तर कप्तान गोलपोस्टासमोरची दोरी सोडत होता. आजारी पडायच्या आदल्या दिवशी बाबांनी तिथे गवताचं बी पेरून भोवती दोरी बांधली होती. ते गेले आणि आता कुठे गवताची पाती वर आली होती.

"इथे महिनाभर खेळायचं नाही."

"ताई, रविवारी सामना आहे. काका होते तोवर ठीक, आता कोण ओरडणार?"

"मी. पोस्ट दहा पावलं पुढे घ्या. तसाही तुमचा दम तेवढाच."

कप्तान हसला. "बोलणंही त्यांचंच उचललंय."

दोघांनी पोस्ट हलवला. दोरी पुन्हा बांधताना तिने वाकून पाहिलं. चार-दोन पाती बुटाखाली चेपली होती, बाकी सगळी शाबूत होती.