अकरा मीटर सत्तर

मी रुपराव. एकतीस वर्षं भूमापन खात्यात मोजणीदार होतो आणि त्या एकतीस वर्षांत माझ्या मापात कुणाला इंचाची खोट काढता आली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही विचाराल की हा म्हातारा कशाच्या जोरावर एवढा ताठ होता. याच्याच जोरावर होतो.

त्यातली सव्वीस वर्षं प्रेमानंद माझ्यासोबत होता. कागदोपत्री शिपाई, पण टेपचं दुसरं टोक कायम त्याच्या हातात. लोकांसमोर मला साहेब म्हणायचा आणि आम्ही दोघेच असलो की बे. मोजणीला गेलो की तो आधी हद्दीचा दगड शोधायचा. आखणी करताना प्लॉटच्या कोपऱ्यावर जमिनीत पुरलेली ती खूण. लोक भिंती सरकवतात, कुंपणं सरकवतात, दगडाला मात्र कुणी हात लावत नाही, कारण तो वीतभर मातीखाली गेलेला असतो आणि कुणाला आठवतही नाही. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा प्रेमानंद सब्बल घेऊन खणायला बसायचा. मी घाई केली की म्हणायचा, “थांब ना बे. दगड दिसल्याशिवाय मी टेप धरत नाही.” मी चिडायचो आणि तो खणत राहायचा.

गेल्या वर्षी त्याच्या पाठीच्या हाडात कॅन्सर निघाला. कामठीच्या घरात तो पडून राहिला. दवाखान्यातल्या दुखण्याच्या गोळ्या त्याच्या पोटात ठरत नव्हत्या, घेतली की ओकारी. कुशीवर वळवतानासुद्धा असा ओरडायचा की शेजारचे दार लावून घेत. त्याची बायको शामलावहिनी मला फोनवर सांगायची आणि रडायची. मग दवाखान्यातल्याच एका डॉक्टरांनी विजयाचं तेल सुचवलं. विजया म्हणजे भांग. आयुर्वेदातलं औषध आहे, चिठ्ठीवर मिळतं, सगळं कायदेशीर. आणि योगायोग असा की ते देणारी डॉक्टर हुडकेश्वरला आमच्याच लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, माझ्या घराच्या बरोबर समोर राहत होती.

तिचं नाव पायल. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत कुलपातलं कपाट आणि दारात तीन स्कूटर. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांना ती औषध घरपोच पाठवायची, कधी स्वतःच स्कूटर काढायची. प्रेमानंदला पहिली बाटली तिनंच कामठीला नेऊन दिली. सकाळ-संध्याकाळ जिभेखाली पाच थेंब. आठव्या दिवशी त्याचा मला फोन आला आणि त्यानं पहिल्याच वाक्यात मला शिवी दिली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मी मीराबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, शिरा करायला लावला.

आता लेआउटचं ऐका. आमचे सेक्रेटरी अश्विन. माणूस वाईट नाही, पण त्याला रिकामा वेळ फार. त्याच्या कानावर भांग शब्द पडला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं की समोर गांजाची डिलिव्हरी चालते. अश्विनचा पालिकेत अर्ज गेला. नियम साधा होता. रहिवासी लेआउटमध्ये समोरचा रस्ता बारा मीटर किंवा जास्त असेल, तर घरात औषधाचा साठा ठेवून घरपोच सेवा चालवता येते. बारापेक्षा कमी भरला तर दवाखाना चालेल, पण साठा आणि डिलिव्हरी बंद. म्हणजे सगळं रस्त्याच्या रुंदीवर आलं. नकाशात रस्ता बाराचा होता, पण अश्विननं अर्जात लिहिलं की जागेवर कमी आहे, मोजून घ्या.

मोजायला भूमापन कार्यालयातून साहिल आला. माझ्याच हाताखाली शिकलेला, आता पोटाचा घेर वाढलेला. मला पाहून पाया पडला आणि म्हणाला, “साहेब, तुम्ही असल्यावर मी काय मोजू? एक टोक तुम्हीच धरा.” अश्विनलाही ते पटलं. रुपरावकाका म्हणतील ते माप, असं तो चारचौघांत बोलला, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पायल फाटकात उभी होती. एवढंच म्हणाली, “काका, मी खोटं सांगा म्हणत नाही. फक्त नीट मोजा.”

या बोलण्याचा मला राग आला. मला नीट मोजा सांगणारी ही कोण? मी टेपचं टोक माझ्या कुंपणाच्या भिंतीला लावलं, साहिल दुसरं टोक घेऊन तिच्या भिंतीपर्यंत गेला. त्यानं आकडा वाचला आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, “अकरा सत्तर येऊन राहिले, साहेब. बारा लिहू का? तीस सेंटीमीटरनं कोणाचं काय जाते?”

मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. “काहून? तीस सेंटीमीटर म्हणजे माप नाही का? आज तीस सोडशील, उद्या तीन मीटर सोडशील. मी हेच शिकवलं होतं का तुला?” तो खाली मान घालून अहवाल लिहायला लागला. अकरा मीटर सत्तर. सोबत मोजणारा म्हणून मी खाली सही केली. सही करताना मला कामठीतला प्रेमानंद आठवला नाही असं नाही. आठवला. पण मनात म्हटलं, मित्रासाठी माप वाकवणारा रुपराव त्यालाही आवडणार नाही. चार दिवसांत पायलच्या कपाटाला पालिकेचं सील लागलं.

दुसऱ्याच दिवशी मी कामठीला गेलो. स्वतःच सांगावं, दुसऱ्याकडून कळू नये. प्रेमानंद उशांना टेकून बसला होता, समोर वरण-भाताची ताटली. बाटलीत सहा दिवसांचं तेल उरलं होतं. मी सगळं सांगितलं, साहिलला झापलं तेही. तो ऐकत होता. मग म्हणाला, “बराबर केलं गा. खोटं कशाले लिवाचं?” माझ्याकडे पाहिलं. “दगड काढला होता ना?”

मी म्हणालो, “काढला होता.”

असं माझ्या तोंडून निघालं. ज्या माणसानं रस्त्यावर उभं राहून सत्याचं व्याख्यान दिलं होतं, तो सव्वीस वर्षांच्या सोबत्याशी एका क्षणात खोटं बोलला. दगड मी काढला नव्हता. आपलीच गल्ली, आपलीच भिंत, खणायचं कशाला, असं वाटलं होतं. आणि खरं कारण याहूनही वाईट होतं. प्रेमानंदनं मान हलवली, “मंग झालं,” म्हणाला, आणि भाताचा घास घेतला.

घरी आलो तो चपला न काढताच सब्बल घेऊन कुंपणाच्या आत, मोगऱ्याच्या वाफ्यात खणायला बसलो. मीराबाई बाहेर आली. “आता या टायमाले काहून खणून राहिले जी? चहा तरी घ्या.” मी खणतच राहिलो. दीड वीत खाली सब्बल ठण्णकन वाजली. माती हातानं काढली, दगडाचं डोकं दिसलं. तिथून भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावला. तीस सेंटीमीटर, ना एक कमी ना एक जास्त.

तीन वर्षांपूर्वी ही भिंत बांधताना मिस्त्री म्हणाला होता, “काकाजी, लाईनीत सगळ्यायनं एक फूट पुढं घेतलं हाय. तुमचीच मागं राहिली तर खराब दिसन.” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वर्तमानपत्र वाचत बसलो. एकतीस वर्षं दुसऱ्यांची अतिक्रमणं मी लाल शाईनं दाखवली आणि स्वतःची विसरून गेलो. रस्ता बाराचाच होता. कमी पडलेलं एक फूट माझ्या मोगऱ्याला मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी माणूस लावून भिंत पाडली. अश्विन धावत आला, “काका, हे काय करता?” त्याला म्हटलं, आता मोज. फेरमोजणीचा अर्ज घेऊन मी साहिलकडे गेलो. त्यानं अर्ज दोनदा वाचला. “साहेब, अहवालावर तुमचीच सही आहे. आता त्याच्यावर हरकत घेणारेही तुम्हीच. हे माझ्या टेबलावर होत नाही, सुनावणीलाच जाईल.” मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो शांतपणे म्हणाला, “तुम्हीच शिकवलं होतं, साहेब. लिहिलेलं माप असं बदलायचं नसते.” तारीख मिळाली तेवीस दिवसांनंतरची.

पायलला मी सगळं सांगितलं. ती मला एक शब्दही टाकून बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं. ती दिवसभर फोन करत बसली. साठ्याची परवानगी याच पत्त्यावर होती, त्यामुळे दुसरीकडून देता येत नव्हतं. शहरात हे तेल ठेवणारे आणखी एक वैद्य होते, त्यांनी आमच्याकडची बातमी ऐकून धास्तीनं ठेवणंच बंद केलं होतं. पुण्याहून मागवायचं तर नवी चिठ्ठी, नवी नोंदणी आणि पुढे वाट पाहणं. तिनं तेही सगळं केलं, पण बाटली काही येत नव्हती.

मी रोज सकाळी प्रेमानंदला फोन करायचो. सहा दिवस झाले, तेल संपलं, हे मला माहीत होतं. तरी तो फोनवर म्हणायचा, “बरं हाय गा. तू कसा?” आवाज बारीक झाला होता, पण शांत. मध्येच म्हणायचा, “मी मांगून बोलतो,” आणि फोन ठेवायचा. मी मीराबाईला सांगायचो, बघ, तेलाशिवायही निभतंय त्याचं. मला तसं मानायचं होतं. दगडाचं खरं त्याला सांगायचं रोज मनात यायचं आणि रोज वाटायचं, परवानगी येऊ दे, बाटली घेऊनच जाऊ आणि तेव्हा सांगू. मग तो शिव्या देईल आणि हसेल. हाही माझा भित्रेपणाच होता, दुसरं काही नाही.

सुनावणीला चार दिवस उरले असताना, एकोणिसाव्या दिवशी, फोन शामलावहिनीनं उचलला. प्रेमानंद पहाटे गेला होता.

सुनावणी ठरल्या तारखेला झाली. मी गेलो. दगड ते दगड मोजलं गेलं, बारा मीटर भरलं, पायलचं सील निघालं. त्या संध्याकाळी तिच्या स्कूटर पुन्हा गल्लीतून बाहेर पडल्या. माझ्या घराला कुंपण नव्हतं, त्यामुळे मी खुर्चीवर बसून त्या वळणापर्यंत जाताना पाहिल्या. त्यातली एकही कामठीला जाणार नव्हती.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे प्रेमानंदच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मी आणि मीराबाई कामठीला गेलो. मंडपात वंदना झाली, लोक जेवायला उठले. मी आतल्या खोलीत गेलो. प्रेमानंदची खाट काढून टाकलेली होती आणि त्या जागेवर शामलावहिनी एकटीच बसली होती. मी समोर जमिनीवर बसलो.

ती म्हणाली, “भाऊजी, एक गोष्ट सांगतो. त्यायनं सांगू नको म्हटलं होतं.” मग पदरानं तोंड पुसलं. “शेवटचे दिवस लय वाईट गेले. उशी दातात धरत होते. पण तुमचा फोन आला का मले म्हणत, थांब वं, मले उठवून बसव. श्वास धरून बोलत तुमच्याशी. फोन ठेवला का मंग ओरडत. मी म्हटलं, सांगा ना त्यायले, दोस्त हाय तुमचा. तर म्हणत, नाई. रुपरावनं दगड पाहून मोजलं हाय. त्याची काई चूक नाई. मी ओरडतो हे त्याले समजलं तर तो सोताले दोष देत बसन.”

बाहेर पंगतीत कुणीतरी भाजी वाढा म्हणून हाक देत होतं. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. ही बाई मला निर्दोष समजून बसली होती, तोही तसंच समजून गेला होता, आणि मी गप्प बसलो असतो तर ते तसंच राहिलं असतं. गप्प बसणं मला चांगलं जमतं, हे आता मला माहीत होतं.

“वहिनी,” मी म्हणालो, “मी दगड पाहिला नव्हता.”

तिला आधी कळलं नाही. मग मी पुन्हा सांगितलं, भिंत, मोगरा, वर्तमानपत्र, सगळं क्रमानं. मी थांबलो तेव्हा तिनं फक्त विचारलं, “त्यायनं इचारलं होतं ना तुमाले? माह्यासमोर इचारलं होतं.”

“हो,” मी म्हणालो. “विचारलं होतं.”

ती उठली आणि माझ्याकडे न पाहता बाहेर गेली. मंडपात तिनं मीराबाईला हाताला धरून पंगतीत बसवलं, तिच्या पानात स्वतः वाढलं. मला जेवायला कुणी बोलावलं नाही. मी त्या रिकाम्या खोलीत बसून राहिलो.