मोरीत ओतू नका

मी एक जुनी, चोचीची प्लास्टिकची बाटली आहे. मित्रांनो, अशी सुरुवात करायची रीत आहे म्हणून मित्रांनो म्हटलं. नाहीतर तुमची माझी कसली मैत्री? तुम्ही बाटलीशी कसे वागता ते मी चांगलं पाहिलंय. पिळता, आपटता, चोच बुजली की टाचणी खुपसता आणि तळाशी थोडं उरलं की उलटी उभी करून ठेवता. त्यामुळे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्या जागेबद्दल मला प्रेम नाही. गरम साच्यात फुगवली, गार झाल्यावर गोणीत कोंबली, एवढंच आठवतं. तिथून मी बनारसहून गंगेपलीकडे असलेल्या रामनगरला आले आणि एका चाटच्या गाड्यावर उभी राहिले. पोटात चिंचेची चटणी होती. ते दिवस बरे होते, हे मी नाराजीने का होईना, कबूल करते. टिक्कीवर, पापडीवर माझी धार पडली की गिऱ्हाईक म्हणायचं, "भैया, थोड़ी और." ते "थोड़ी और" माझ्यासाठी असायचं. त्यानंतर मला असं कुणी म्हटलेलं नाही.

मग चाटवाल्याने नव्या बाटल्या आणल्या. मी गाड्याखाली मुंग्यांमध्ये पडले. एका संध्याकाळी एक मराठी कुटुंब चाट खायला आलं. रत्नाकर हे रेल्वेच्या कचेरीत काम करणारे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांची मुलगी सई, सातवीतली. आणि मृणालिनी, जिच्याशी रत्नाकरांनी त्याच वर्षी दुसरं लग्न केलं होतं. ही नागपूरची, बँकेतली नोकरी घेऊन बनारसला बदलून आलेली. सईची आई सई लहान असतानाच गेली होती. सई मृणालिनीला मावशी म्हणत असे, तेही गरज पडली तरच.

मृणालिनीची नजर माझ्या चोचीवर गेली. तिने मला मागितलं.

"ले जाइए दीदी, बेकार पड़ी है," चाटवाला म्हणाला. इतकी वर्षं राबल्यावर ही माझी शाबासकी.

घर राजा घाटामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. तिथे नंदाआत्या राहत होती. रत्नाकरांची थोरली बहीण. भावजय गेल्यावर सईला हिनेच वाढवलं. सईचे केस कमरेपर्यंत होते, आणि ते आत्याने राखले होते. दर रविवारी ती सईला पुढ्यात बसवून तेल लावायची आणि सांगायची, "तुझ्या आईचे असेच होते हो. कात्री लावू दिली नाही मी कुणाला." त्या वेणीत सईची आई थोडी शिल्लक होती, असं त्या घरात सगळे मानत. हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्या केसांवरूनच आहे.

मला पाहताच आत्याने नाक मुरडलं. "चाटच्या ठेल्यावरची उष्टी बाटली, आणि न्हाणीघरात?"

"गरम पाण्याने धुते ना, ताई," मृणालिनी म्हणाली.

धुतलं तिने. चार पाण्याने धुतलं, तरी चिंचेचा वास गेला नाही. तो माझा वास आहे, मी का सोडू?

आता माझं काम काय ते ऐका. त्या इमारतीत बोअरिंगचं पाणी येतं, जड पाणी. शाम्पूला फेस येत नाही. म्हणून सई तळहातभर शाम्पू ओतायची आणि तोच एका जागी थापायची. डोकं कोरडं पडायचं, कोंडा व्हायचा, केस काथ्यासारखे व्हायचे. मृणालिनीने उपाय काढला. उकळून गार केलेलं पाणी माझ्यात घालायचं, त्यात थोडाच शाम्पू, आणि मला हलवायचं. मग भांगाभांगातून चोच फिरवायची. पातळ असल्यामुळे तो सगळीकडे पोचतो, टाळूला झोंबत नाही, पटकन धुऊन निघतो. आणि एक नियम तिने सईला पहिल्याच दिवशी सांगितला होता. एका न्हाण्यापुरतंच कालवायचं, उरलं तर ओतून द्यायचं.

उपाय चांगला होता. थोड्याच दिवसांत सईचे केस मऊ झाले. मला कुणी थोड़ी और म्हटलं नाही, ते सोडा.

पण आत्याला ते सोसवेना. "पाणी घालतेय शाम्पूत," ती गल्लीतल्या बायकांना सांगायची. "दूधवाले घालतात तसं. स्वतःची पोर असती तर घातलं असतं का?" हे ती हळू बोलायची नाही. मृणालिनी स्वयंपाकघरात ऐकत असायची. एकदा तिने भांडं जरा जोरात आपटलं, तेवढंच. वर उरलेला शाम्पू मोरीत ओतताना पाहिला की आत्या म्हणायची, "आधी पाणी घालून वाढवायचं, मग फेकायचं. ही कुठली तऱ्हा?"

दोघींमध्ये मी उभी. रत्नाकर पेपर वाचायचे. पेपर वाचणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

पुढे मृणालिनीला बँकेच्या प्रशिक्षणासाठी लखनौला जावं लागलं. उन्हाळा होता. जाताना तिने सईला पुन्हा बजावलं, "दर वेळी ताजं कालव हं." आत्या देवघराच्या दारात उभी होती. हे आपल्यालाच ऐकवलं जातंय असं तिला वाटलं, आणि तसं ते होतंही.

पहिल्या रविवारी आत्याने मला उचललं. आता तुम्ही म्हणाल, तिने काही वाईट हेतूने केलं. नाही. वाईट हेतू असता तर मला तिचा राग करायला सोपं गेलं असतं. तिने विचार केला, पोरीच्या डोक्यात पाणीच घालायचं तर नळाचं जड पाणी कशाला? देवघरात गंगेच्या पाण्याची तांब्याची कळशी होती. तिने कळशीचं तोंड उघडलं आणि मला गळ्यापर्यंत भरलं. त्यात शाम्पू घातला. आणि गंगा नासत नाही, वर्षानुवर्षं तशीच राहते, मग दर वेळी कालवायचं कशाला? महिनाभर पुरेल एवढं तिने एकदमच करून ठेवलं. बूच लावलं, हात जोडले आणि मला न्हाणीच्या खिडकीत उन्हात ठेवलं.

माझ्यातल्या शाम्पूला कुणी हात जोडल्याची ही पहिलीच वेळ. मी फुगून बसले होते. लवकरच खरंच फुगले.

गंगेचं पाणी कळशीत किती टिकतं ते मला ठाऊक नाही. मी बाटली आहे, शास्त्रीबुवा नाही. पण माझ्या पोटात काय होतं ते मला ठाऊक आहे. शाम्पूत तो टिकावा म्हणून काही घातलेलं असतं. तो पाणी घालून पातळ केला की तेही पातळ होतं, मग पाणी कुठलंही असो. वर बनारसचं ऊन. आधी तळाशी गढूळ धागे आले. मग बुळबुळीतपणा आला. मग वास. चिंचेचा माझा जुना वाससुद्धा त्याखाली दबला, यावरून काय ते समजा.

"आत्या, याला वास येतोय," सई म्हणाली.

"गंगेला वास? तोंड सांभाळून बोल, सई."

आत्याने माझी चोच तिच्या भांगात लावली आणि पिळलं. मला ओरडता येत असतं तर मी सगळी गल्ली गोळा केली असती. पण मला फक्त ओतता येतं, आणि मी ओतलं.

पुळ्या आल्या. आधी मानेशी, मग टाळूभर. त्यात पू धरला. तेल लावताना आत्याच्या बोटांना केसांचे पुंजके येऊ लागले. आत्या घाबरली आणि घाबरून तिने काय केलं? आणखी दोनदा मलाच वापरलं. गंगेनेच बरं होईल म्हणून.

मृणालिनी परतली तेव्हा सई डोक्याला ओढणी बांधून कोपऱ्यात बसली होती. मृणालिनीने ओढणी सोडली आणि तिचा चेहराच उतरला.

"बघ," आत्या म्हणाली. "बघ तुझ्या पाणी घातलेल्या शाम्पूने काय केलं. मी आधीच म्हणत होते. आता सगळे केस उतरवायला लागतील. न्हाव्याला सांगून ठेवलंय, उद्या सकाळी येतोय. केस गेले की औषध तरी लागेल."

"ताई, आधी डॉक्टरांना दाखवू."

"दाखव ना. पण आता तुझा हात नको लावू तिला."

मित्रांनो, आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वेणी तिनेच राखली होती आणि न्हावीही तिनेच बोलावला होता. सई मात्र रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "शाळेत कशी जाऊ मी?" रत्नाकर म्हणाले, "ताई म्हणतेय तर असेल तसं." मृणालिनी वाद घालू शकली नाही, कारण तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की चूक तिचीच आहे. कदाचित बाटली नीट धुतली गेली नसेल. कदाचित हा उपायच चुकला. सगळ्यांचा राग हळूहळू माझ्यावर येत होता, आणि मला तोंड असून उपयोग नव्हता.

सकाळी न्हावी आला. व्हरांड्यात पाट मांडला, वस्तरा काढला, वाटीत पाणी मागितलं. सई पाटावर बसली. आत्याने वेणी सोडायला घेतली.

मृणालिनीला ते पाहवेना. ती न्हाणीत आली. तिने मला असं उचललं की माझं पोट आत गेलं. "हिच्यापायी सगळं झालं," ती स्वतःशी म्हणाली. बूच काढलं आणि मला मोरीवर उलटी करायला घेतली.

"मोरीत नको," आत्या व्हरांड्यातून किंचाळली. वेणी तशीच टाकून ती धावत आली. "मोरीत नको ओतूस, पाप लागेल. गंगा आहे त्यात."

मृणालिनीचा हात तसाच राहिला. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला.

"गंगा?" मृणालिनीने विचारलं. "ताई, कधी घातलीत?"

आत्याला तेव्हा कळलं आपण काय बोललो ते. पण खोटं बोलणाऱ्यांतली ती बाई नव्हती. "तू लखनौला गेलीस तेव्हा. चांगलं पाणी घातलं मी. तुझ्यासारखं नळाचं नाही."

"एवढी बाटलीभर? तेव्हापासून हेच लावताय तिला?"

"गंगा नासत नाही."

मृणालिनीने मला आत्याच्या नाकाशी धरलं. "घ्या वास."

आत्याने मान वळवली. मृणालिनीने मला तिथेच धरून ठेवलं. शेवटी आत्याला श्वास घ्यावाच लागला. तिचं तोंड वाकडं झालं, आणि ती उंबऱ्यावर बसली. रत्नाकरांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी केलं. न्हाव्याला चहा देऊन परत पाठवलं.

डॉक्टरांनी औषध दिलं. केस उतरवायची गरज नाही म्हणाले. मानेजवळ टकलाचा एक चट्टा पडला, बाकीचे केस राहिले.

पण माझं काय? मी अजून अर्धीअधिक भरलेलीच होते. मोरीत ओतायचं नाही, पाप. तुळशीत घातलं तर तुळस मरेल. घाटावर नेऊन गंगेत सोडावं, तर ही घाण गंगेत कशी सोडायची, असं आत्याच म्हणाली. म्हणून मला पुन्हा खिडकीत ठेवलं. रोज दोघी माझ्याकडे बघायच्या आणि मग एकमेकींकडे. मी फुगत गेले. शेजारचे नाक दाबून जायचे. इतका मान आणि इतका तिरस्कार एकाच वेळी कुठल्या बाटलीला मिळाला असेल?

एका सकाळी सई उठली. डोक्याला मलम लावलेलं होतं. तिने मला उचललं, न्हाणीत नेलं आणि बूच काढलं.

"सई, पाप लागेल गं," आत्या म्हणाली, पण हळू.

"लागू दे," सई म्हणाली. "डोकं माझंच होतं ना?"

आणि तिने मला मोरीत पालथी केली. शेवटचा थेंब जाईपर्यंत धरून ठेवली.

मग मला कढत पाण्याने घासून काढली. तेव्हापासून दर रविवारी आत्या पाणी उकळून, गार करून न्हाणीच्या दाराशी ठेवते. मृणालिनी ते उचलून माझ्यात घालते. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. समेट वगैरे झाला असं समजू नका, तो झालेला नाही. सईच्या मानेजवळ बारीक केस येऊ लागलेत, एवढं खरं.

मित्रांनो, माझं सांगणं थोडकंच आहे. शाम्पू पातळ करा, जरूर करा, टाळूला बरं असतं. पण स्वच्छ पाण्यात करा, त्या दिवसापुरताच करा, आणि उरला तर जीव न अडकवता फेका. आपलं भांडण दुसऱ्याच्या डोक्यावर ओतू नका, मग ते गंगेच्या पाण्यात कालवलेलं का असेना.

सई आता मला डोक्याला लावण्याआधी बूच काढते आणि वास घेते. दर वेळी, दोघींच्या देखत. तुम्हीही घेत जा वास, देणारा तुमच्यावर कितीही माया करत असला तरी.