दहावा

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. शालोम किहीमकरबद्दल मी बोलणार आहे, कारण त्याने मला सात वर्षं बनवलं.

आम्ही नोएडात एकाच ऑफिसात होतो. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, घर धार्मिक, मराठी मात्र माझ्यापेक्षा शुद्ध. शनिवार त्यांचा विश्रांतीचा पवित्र वार, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी अंधार पडेपर्यंत फोन बंद. "बॉसचे आणि सासूबाईंचे फोन शनिवारीच येवोत, एवढंच देवाकडे मागणं," म्हणायचा. माझ्या डब्यातली कोलंबी त्याला चालत नसे, तरी रोज वास घेऊन आज मीठ कमी पडलंय म्हणून सांगायचा. दिल्लीत मला असा दुसरा मित्र मिळाला नाही.

एका रविवारी सकाळी त्याने मला घरी ओढून नेलं. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे प्रार्थनेला आसपासचे ज्यू पुरुष जमायचे. पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि हे सगळे मिळून नऊ. त्याने माझ्या डोक्यावर गोल टोपी ठेवली आणि म्हणाला, "यशोधन, नऊ सज्जन असले तरी अडतं. दहावा तुझ्यासारखा असला तरी भागतं. चल, बस."

मी बसलो आणि बसतच राहिलो. मुनिरक्याच्या माझ्या घरून मेट्रो बदलत, थंडीत, तापात, एकदा तर पाय मुरगळलेला असतानाही गेलो. प्रार्थनेतलं अक्षर कळायचं नाही, पण आपल्यामुळे यांचं अडत नाही ही जाणीव फार सुखाची होती. एका जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची पानिपतला सहल होती, तिथे स्मारकापाशी माझ्या लेकीचं, वैभवीचं पहिलं भाषण. नेमका तोच रविवार. मी शालोमकडे गेलो. माझी बायको वल्लरी आठवडाभर बोलली नाही. वैभवीने विचारलं, "बाबा, तुम्ही नसलात तर त्यांचा देव ऐकत नाही का?" मी हो म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

मागच्या महिन्यात शालोम ऑफिसातच कोसळला. मी पुण्यात होतो. त्यांच्यात थांबत नाहीत, त्याच दिवशी दफन झालं. मला तोंडही दिसलं नाही. त्याच्या बायकोने फोनवर सांगितलं की सात दिवस घरी प्रार्थना आहे, किहीमकर काकांना, म्हणजे शालोमच्या वडिलांना, मुलासाठी कद्दीश म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना म्हणायची आहे, आणि तिला दहा जण लागतात. मी मनातल्या मनात हिशोब केला. शालोम गेल्यावर उरले आठ, ठाण्याहून त्याचा मेहुणा आलेला, म्हणजे नऊ. दहावा मी. मिळेल ते विमान पकडलं. निदान एवढं तरी माझ्या हातून त्याच्यासाठी होणार होतं.

दार उघडंच होतं. किहीमकर काका खाली बसले होते, शर्टाची कॉलर रिवाजाप्रमाणे फाडलेली. सगळे आले होते. मी टोपी घातली, माझ्या नेहमीच्या जागी बसलो. कोणी सुरू करेना. काका दाराकडे बघत होते.

"काका, मी आलोय," मी म्हणालो. "दहा झालो. सुरू करा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"नऊच आहोत बाळा," काका म्हणाले. "ज्यूच मोजतात यात. तू आमच्यात धरला जात नाहीस."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी विचारलं, इतकी वर्षं काय चाललं होतं? काकांनीच सांगितलं. नऊ जणांत जेवढी म्हणता येते तेवढीच प्रार्थना ते म्हणायचे, बाकीची सोडून द्यायचे. मला अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे समजणार कसं?

म्हणजे मेहुणा सोडला तर या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. दर महिन्याला मी टोपी घालून ऐटीत बसायचो आणि हे सगळे मला बघत होते. शालोमला त्यात गंमत वाटत असेल. मला वैभवीचं भाषण आठवलं, जे मी ऐकलं नाही.

गुरुग्रामहून कोणी येतंय का म्हणून बराच वेळ वाट पाहिली. कोणी आलं नाही. काकांनी न म्हणताच पुस्तक मिटलं, आणि मुलासाठी बापाला म्हणायचं होतं ते त्या दिवशी राहून गेलं. मी तिथेच होतो, धडधाकट, आणि माझा उपयोग नव्हता.

निघताना काका दारापर्यंत आले. म्हणाले, "आम्ही त्याला म्हणायचो, सांगून टाक यशोधनला. तर म्हणायचा, खरं सांगितलं तर तो यायचा नाही, बाबा. एवढ्या लांब उगाच कोण येतं?"

"मी आलो असतो काका. नुसतं ये म्हणाला असता तरी."

"मला ठाऊक होतं रे," काका म्हणाले. "त्यालाच नव्हतं."