लल्ला बत्तूलची खूण

“अब्दुल्इलाहचा मुलगा, हाज तुहामींचा नातू, फकीह अय्याशींचा पणतू,” मुनीरच्या टायची गाठ आवळीत लल्ला बत्तूल म्हणाल्या, “आणि कॉलर ही अशी? तीन पिढ्यांनी या तेतुआन शहरात मास्तरकी केली. इतक्या गबाळेपणानं वर्गात कुणी पाऊल टाकलं नाही.”

“लल्ला, श्वास कोंडतोय.”

“कोंडू दे. तोंडून अरबीचा शब्द निसटण्यापेक्षा ते बरं.”

निरीक्षक सी जलाल आत वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले होते. मुनीरच्या प्रशिक्षणातला हा शेवटचा परीक्षेचा तास. स्पॅनिशच्या तासाला केवळ स्पॅनिश. शिक्षकाच्या तोंडून दुसऱ्या भाषेतलं एक वाक्य निघालं, तरी उमेदवार नापास आणि सारं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. बत्तूल त्याच्या मार्गदर्शक; बाईंना आदरानं ‘लल्ला’ आणि पुरुषांना ‘सी’ म्हणायची इथली रीत. नव्या सत्रापासून शहराच्या प्रशिक्षण केंद्राचं प्रमुखपद त्यांच्याकडे यायचं होतं. त्या पदाची शिफारसही सी जलाल यांच्याच हातात होती.

तास रंगला. मुलांनी वर्गात मासळीबाजार मांडला. “ही सार्डिन परवाची दिसते,” एका मुलीनं स्पॅनिशमध्ये नाक मुरडलं. “तुझ्यापेक्षा ताजी आहे,” विक्रेता झालेल्या मुलानं त्याच भाषेत सुनावलं. सी जलालसुद्धा हसले. बत्तूलनी मांडीवरची घट्ट मिटलेली मूठ किंचित सैल केली.

तेवढ्यात दार उघडलं. दारात वियाम उभी होती. गेल्या आठवड्यात तिच्या वडिलांना माती दिली होती. त्यानंतर आज ती प्रथमच शाळेत येत होती.

मुनीरचा हात फळ्यावरच थांबला. ‘ये, बस,’ एवढं स्पॅनिशमध्ये म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ज्याच्या घरी मृत्यू घडला आहे, तो पहिल्यांदा समोर आला की सांत्वनाचे शब्द उच्चारल्याखेरीज त्याच्याशी दुसरं काही बोलायचं नाही, हे या गावातलं मूल चालायला लागण्याआधी शिकतं. मुनीरनं खडू खाली ठेवला, तो दारापाशी गेला आणि गल्लीतल्या रोजच्या अरबीत म्हणाला,

“अल्लाह तुझ्या बाबांवर दया करो, बाळ. तुला धीर देवो.”

सारा वर्ग उठून उभा राहिला. “आमीन.”

सी जलालचं पेन क्षणभर थबकलं, मग वेगानं चालू लागलं.

बत्तूल समोर पाहत राहिल्या. अशाच एका तासाला, ऐन विशीत, त्यांची जीभ टाळ्याला चिकटली होती आणि वर्गानं हुर्यो उडवली होती. तेव्हा त्यांचे मार्गदर्शक हाज तुहामी उठून निरीक्षकांना म्हणाले होते, ‘धडा मीच सकाळी बदलला. दोष माझा.’ धडा कुणीच बदलला नव्हता. बत्तूल उत्तीर्ण झाल्या. हाजींचं ठरलेलं मुख्याध्यापकपद मात्र दुसऱ्याला गेलं. त्याविषयी एक अक्षरही त्यांनी बत्तूलना कधी काढू दिलं नाही.

घंटा झाली. मुलं बाहेर गेली.

“सी मुनीर,” निरीक्षक म्हणाले, “तास उत्तम होता. पण नियम तुम्हाला माहीत होता.”

“होता, साहेब.”

“मग माझा नाइलाज आहे.”

“त्याचा दोष नाही,” बत्तूल उठल्या. “त्यानं माझ्याकडे पाहिलं. बोल, म्हणून मीच मानेनं खूण केली.”

“मला नाही दिसली.”

“तुम्ही खाली मान घालून लिहीत होतात.”

“लल्ला, मी तर...”

“तू गप्प राहा. मोठी माणसं बोलताहेत.”

सी जलालनी चष्मा काढला. “मार्गदर्शकानंच नियम मोडायला लावला, असं मला लिहावं लागेल. त्यानंतर केंद्रासाठी तुमचं नाव पुढं पाठवता येणार नाही. हे कळतंय ना तुम्हाला?”

“मला ऐकू येतं, सी जलाल. लिहा.”

त्यांनी लिहिलं. मुनीर उत्तीर्ण झाला.

निरीक्षकांची पावलं जिन्यावरून उतरून गेली, तेव्हा मुनीर त्यांच्याकडे वळला.

“मी तुमच्याकडे पाहिलंच नव्हतं.”

“ठाऊक आहे.”

“मग का? ते पद तुमच्या हक्काचं होतं.”

“तुझ्या आजोबांचं देणं होतं माझ्याकडे,” बत्तूल पर्स उचलीत म्हणाल्या. “आज फिटलं. आता असा खांबासारखा उभा राहू नकोस. ती पोर अजून ओट्यावर बसली असेल. अर्धा धडा चुकलाय तिचा, तो शिकव जा.”