टेबलावर ठेवलेले हातमोजे

आमच्या फाउंड्रीत मत द्यायला कुणी हात वर करत नाही. हात वर केला की क्रेन थांबते. डोक्यावरून वितळलेलं लोखंड जात असताना त्या खुणेचा दुसरा अर्थ लागून चालत नाही. म्हणून ठराव मान्य असेल तर माणसं कँटीनच्या टेबलावर आपले हातमोजे काढून ठेवतात. त्या कँटीनमध्ये चहा मी करते, त्यामुळे असे ठराव बरेच पाहिले आहेत. ठराव त्यांचा, आणि टेबलावर सांडलेली साच्यांची काळी वाळू पुसायची मी.

माझा नवरा तिथे साचे भरतो आणि युनियनचा पुढारी आहे. घरात त्याचं कुणी ऐकत नाही, ती कसर तो तिथे भरून काढतो. आमची लेक शिक्षण संपवून घरी बसून होती. जाईल तिथे एकच प्रश्न, अनुभव आहे का? अहो, कुणी कामावर घेतल्याशिवाय अनुभव काय झाडाला लागतो? मग कायदा आला. पन्नासच्या वर कामगार असतील तर काही जागा पहिलीच नोकरी करणाऱ्या तरुणांना द्यायच्या, नाहीतर दंड. मालकाने तोंड वाकडं करून तिघांना घेतलं. त्यातली एक आमची.

स्टोअरमध्ये तिच्या मापाचे हातमोजेच नव्हते. स्टोअरवाल्याने मुद्दाम लहान मागवले. ते येईपर्यंत पोरीने बापाच्या जुन्या हातमोज्यांत चिंध्या कोंबून वाळू उपसली. सगळे तिला 'बुटकी' म्हणायचे आणि ती उलट उत्तरं द्यायची, तिथे ती माझ्यावर गेली आहे. "पोरगी बापाच्या वर जाणार," असं क्रेनवाला एकदा म्हणाला. नवऱ्याने ते मला इतक्यांदा सांगितलं की पाठ झालं. मीही दरवेळी नव्याने ऐकल्यासारखं करायचे.

पुढे ऑर्डरी आटल्या. कायद्यात एक सवलत होती. एखादा धंदाच अडचणीत आला, तर त्यातल्या सगळ्या कारखान्यांना तरुण घेण्यातून सूट मिळायची. त्यासाठी प्रत्येक कारखान्यातून मालकाचा आणि कामगारांचा, दोघांचा होकार लागायचा. मालक म्हणाला, सूट मिळाली नाही तर जुनी माणसं कमी करावी लागतील. सगळ्यात आधी नाव यायचं ते क्रेनवाल्याचं. त्याचे गुडघे गेलेले, घरी बायको अंथरुणाला खिळलेली. त्याला दुसरीकडे कुणी दारातही उभं केलं नसतं.

नवऱ्याने मालकाला भट्टीपाशी गाठलं. मी चहा घेऊन तिथेच होते.

"आत आहेत ती पोरं आतच राहणार ना?" तो ओरडून म्हणाला.

मालकाने होकारार्थी मान हलवली. तोही एके काळी साचेच भरायचा. भट्टीच्या त्या गोंगाटात कुणी मान हलवली की काम पक्कं, पुन्हा विचारणं म्हणजे अपमान. नवऱ्याने पुन्हा विचारलं नाही.

दुपारी त्या सवलतीला होकार द्यायचा ठराव आला. सगळे पुढाऱ्याकडे बघत होते. लेक दाराशी उभी होती, नवीन असल्यामुळे तिला मत नव्हतं. त्याने तिच्याकडे बघून डोळे मिचकावले आणि आपले हातमोजे टेबलावर ठेवले. मग एकामागून एक सगळ्यांचे पडले.

सूट मिळाली. महिनाभरात मालकाने तिन्ही पोरांना घरी पाठवलं. नवरा तणतणत त्याच्याकडे गेला.

"तेव्हा माझ्या मनात तसंच होतं," मालक खाली बघत म्हणाला. "आता कुणाला तरी काढायलाच हवं. क्रेनवाल्याला काढू का? तूच सांग."

नवरा परत आला. माझी जीभ कधी अडत नाही, पण मी तरी काय सांगितलं असतं? मालकाचा राग आला, त्याहून जास्त नवऱ्याचा आला, आणि त्याचा चेहरा बघून तोही टिकला नाही.

संध्याकाळी तिघंही जेवायला बसलो. कुणी घास उचलेना.

"मी उद्या राजीनामा देतो," तो म्हणाला. "माझ्या जागी तुला घ्या म्हणून सांगतो."

"बाबा, तुमच्या जागी अनुभवी माणूस लागतो." ती चिडली नव्हती. मग तिने विचारलं, "क्रेनवाले काका आहेत ना कामावर?"

"आहेत."

तिने पिशवीतून आपले ते लहान हातमोजे काढले. त्यांचे तळवे आत्ता कुठे मऊ पडायला लागले होते. एकावर एक नीट जुळवून तिने ते बापाच्या ताटाजवळ टेबलावर ठेवले.

नवऱ्याचा हात झटकन वर गेला, क्रेन थांबवायला जातो तसा. तो तसाच वर राहिला, आणि पोरीने आत जाऊन दार लावून घेतलं.