तेलवाल्यांचं अख्खं पान

मी मदतपुस्तिका लिहितो. एखादं सॉफ्टवेअर कसं वापरावं, कुठलं बटण आधी दाबावं, काय दिसलं तर घाबरू नये, हे सोप्या भाषेत सांगणारी जी पानं कोणीही उघडत नाही, ती पानं माझी. ऑफिसात मला 'कृपया' म्हणतात, कारण माझं प्रत्येक वाक्य त्याच शब्दाने सुरू होतं. 'कृपया आला का?', 'कृपयाचा चहा गार होतोय, त्याला हाक मारा.' सुरुवातीला राग यायचा, आता मी ओ देतो.

आमची कंपनी सध्या स्क्रीनशॉट काढायचं सॉफ्टवेअर विकते. साधा स्क्रीनशॉट नव्हे, स्क्रोलिंगचा. स्क्रीनवर मावत नाही असं लांबलचक वेबपान हे सॉफ्टवेअर स्वतःच खाली सरकवत जातं, तुकड्यातुकड्याने टिपतं आणि शेवटी सगळे तुकडे जोडून एकच सलग चित्र आपल्या हातात देतं. त्याची पुस्तिका मी लिहिली आहे. त्यामुळे बायकोने जेव्हा सांगितलं की तिच्या बाबांचं पान साइटवरून उतरवून ठेवायचंय, तेव्हा माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण वाचलं हेच नशीब.

माझे सासरे शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यावर हात रिकामे झाले, तेव्हा त्यांना एक साइट सापडली. जुन्या मशीनवाल्यांनी आपली दुखणी तिथे मांडायची आणि जाणकारांनी उत्तरं द्यायची. सासऱ्यांनी तिथे 'तेलवाले' हे नाव घेतलं, कारण दुखणं कसलंही असो, त्यांचा पहिला प्रश्न तेल कधी घातलं हाच असायचा. त्यांची सगळी उत्तरं एका पानावर एकाखाली एक लागलेली होती. ते गेले त्याला आता वर्ष होत आलंय. आणि शिवणकामाच्या ज्या निवृत्त शिक्षिका ही साइट चालवायच्या, त्यांनी जाहीर केलं की महिनाअखेरीला संध्याकाळी साइट बंद होईल आणि सगळा मजकूर पुसला जाईल.

त्या पानावर एक प्रश्न माझ्या बायकोचा होता. आमचं लग्न सासऱ्यांना पसंत नव्हतं. 'दुसऱ्यांची यंत्रं कशी चालवायची ते लोकांना शिकवतो आणि स्वतःला एक खिळा सरळ ठोकता येत नाही,' हे त्यांचं माझ्याविषयीचं मत. त्यात खोट काढायला मला अजून जागा सापडलेली नाही. बापलेकीचं बोलणं बंद झालं. त्याच काळात बायकोचं मशीन अडलं. अडलं म्हणजे, ते जरा खडखडत होतं, म्हणून मी उघडलं आणि मग ते अडलं. ती पडदे शिवून देते, मशीन बंद म्हणजे काम बंद. बाबांना फोन करायचा नाही असा तिचा हट्ट. म्हणून तिने 'पडदेवाली' या नावाने त्या साइटवर प्रश्न टाकला आणि उत्तर आलं ते तेलवाल्यांचंच.

ते उत्तर मी तेव्हा तिच्या खांद्यावरून वाचायला गेलो होतो. सुरुवातच अशी होती: 'मशीन आपोआप बिघडत नाही. आधी हे सांगा, कोणत्या शहाण्याने उघडलं होतं?' एवढं वाचून मी चहा करायला निघून गेलो. बायकोने मात्र शेवटपर्यंत वाचलं, परत वाचलं, आणि थोड्याच दिवसांनी बाबांना फोन केला. पुढे सासरे घरी येऊ लागले, माझ्या हातचा चहा नावं ठेवत का होईना पण पिऊ लागले. त्या उत्तरात पुढे काय होतं ते मी कधी विचारलं नाही. माझ्याविषयी आणखी काही असेल तर ते ऐकायची मला हौस नव्हती.

साइट बंद होणार हे कळल्यापासून बायको माझ्या मागे लागली होती. मी रोज म्हणायचो, "एका मिनिटाचं काम आहे." एका मिनिटाच्या कामासाठी महिनाभर वेळ मिळत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव. शेवटी शेवटचा दिवस उजाडला. तिला एका दातांच्या डॉक्टरांकडे पडदे लावायला जायचं होतं. दारात चप्पल घालता घालता ती म्हणाली, "अरे, बाकीचं जाऊ दे. निदान माझा प्रश्न आणि बाबांचं उत्तर तेवढं आधी कॉपी करून ठेव."

"कॉपी?" मी म्हणालो. "तू सुताराला सांगतेस का, की फळी दाताने तोड म्हणून?"

"मला ते उत्तर हवंय. कसंही."

"अख्खं पान देतो. जसंच्या तसं. एक काना इकडचा तिकडे होणार नाही."

ती काही क्षण माझ्याकडे बघत राहिली आणि गेली. विश्वास ठेवावा की नाही, असा विचार करणारं ते बघणं होतं. शेवटी तिने ठेवला.

मी ऐटीत बसलो. खुर्ची डुगडुगत होती, म्हणून आधी स्क्रूड्रायव्हर शोधला. आमच्या घरात स्क्रूड्रायव्हर कधीच सापडत नाही. लागला की बायकोला सांगायचं, मग ती तो कुठून तरी काढते, स्क्रू स्वतःच पिळते आणि तो पुन्हा गायब होतो. असली घरं असतात. खुर्चीखाली पुठ्ठा सारून मी कामाला लागलो.

पहिल्यांदा ब्राउझरमधलीच सोय वापरली. पानाच्या माथ्यावर साइटच्या नावाची एक निळी पट्टी होती, ती स्क्रोल केलं तरी जागची हलत नसे. त्यामुळे चित्रात प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर तीच पट्टी आली आणि प्रत्येक पट्टीखाली सासऱ्यांचं एखादं वाक्य गाडलं गेलं. मग एक फुकटचं एक्स्टेन्शन घेतलं. ते निम्म्या वाटेत दमलं. लोकांनी टाकलेले मशीनचे फोटो यायच्या आतच ते पुढे पळत होतं, त्यामुळे फोटोंच्या जागी नुसते करडे चौकोन, आणि खालचं अर्धं पान कोरं. मग मी आमच्या कंपनीचं अस्त्र बाहेर काढलं. पट्टी लपवली. वेग कमी केला. प्रत्येक तुकड्यावर फोटो उमटेपर्यंत थांबायला सांगितलं. पान हळूहळू सरकू लागलं आणि मी हाताची घडी घालून मागे रेललो. पुठ्ठा निसटला, पण मी पडलो नाही.

दुपार कलताना चित्र तयार झालं. काय चित्र होतं! कुठे जोड दिसत नव्हता, अक्षरं धारदार, फोटो सगळे जागच्या जागी. वरपासून खालपर्यंत मी ते दोनदा सरकवून पाहिलं. वाचलं का? छे. नक्षी बघायला आलेला माणूस पोथी वाचत नाही. फाइलला 'बाबा अखंड' असं नाव दिलं आणि सासरच्या ग्रुपवर पाठवून दिली. सोबत दोन ओळी लिहिल्या: 'कृपया मोठ्या स्क्रीनवर पाहावे. यामागे बरेच तांत्रिक कष्ट आहेत.' बायकोच्या आत्यांनी अंगठा पाठवला. बायकोने दवाखान्यातून लाल बदाम पाठवला. तो बदाम मी जरा वेळ बघत बसलो.

संध्याकाळी ती आली, हातपाय धुतले आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. "दाखव," म्हणाली. इतक्यात तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. कौतुक तिलाही ऐकू यावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"भावोजी, एकदम मस्त झालंय," मेहुणा म्हणाला. "फक्त ते 'पुढे वाचा' उघडत नाहीये. मघापासून दाबतोय."

मी बायकोकडे बघून डोळा मारला. "अरे बाबा, ते चित्र आहे. चित्रातलं बटण दाबून कसं उघडेल? भिंतीवरच्या फोटोतलं दार तू ढकलत बसशील का?"

"बरं. मग पुढचं कुठे आहे?"

"कुठलं पुढचं?"

"बाबांच्या उत्तरांचं. प्रत्येक उत्तराच्या दोनच ओळी दिसतायत, आणि खाली निळ्या अक्षरांत 'पुढे वाचा'."

मी चित्र मोठं केलं. वर गेलो, खाली आलो, परत वर गेलो. प्रत्येक उत्तराच्या दोन ओळी, खाली 'पुढे वाचा', की लगेच पुढचा माणूस आपलं मशीन घेऊन हजर.

आणि सासऱ्यांची पद्धत अशी की पहिल्या दोन ओळींत झाडायचं आणि मग मायेने, सावकाश, एकेक गोष्ट समजावून सांगायची. 'तेल कधी घातलं होतं? खोटं सांगू नका.' पुढे वाचा. 'हा फोटो पाहून मला घेरी आली.' पुढे वाचा. 'ही सुई आहे की खिळा?' पुढे वाचा. त्या माणसाच्या सगळ्या शिव्या मी एक काना इकडचा तिकडे न होऊ देता जपल्या होत्या, आणि इलाज एकही नव्हता.

मी धडपडत साइट उघडली. 'ही साइट आता बंद झाली आहे. आजवरच्या सोबतीबद्दल आभार.' शिक्षिकाबाईंना फोन लावला. त्या हळहळल्या. म्हणाल्या, "अहो, महिनाभर आधी सांगितलं होतं ना? मघाशीच सगळं पुसलं मी. वेळेवर पुसलं." 

आणि तेव्हा मला माझीच पुस्तिका आठवली. शेवटचं पान, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: 'टीप: कृपया पान टिपण्याआधी त्यातले मिटलेले भाग उघडून घ्या. जे स्क्रीनवर दिसत नाही, ते चित्रात येणार नाही.' ते वाक्य मीच लिहिलं होतं. बारीक अक्षरही मीच निवडलं होतं, कारण मला वाटलं होतं, इतकं मूर्ख कोण असणार.

मेहुण्याने "ठीक आहे, भावोजी" म्हणत फोन ठेवला. ते 'ठीक आहे' मला फार लागलं. बायको ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने माऊस माझ्या हातातून काढून घेतला आणि पान सरकवत पडदेवालीपाशी नेलं. तिचा प्रश्न. खाली तिचे बाबा. 'मशीन आपोआप बिघडत नाही. आधी हे सांगा, कोणत्या शहाण्याने उघडलं होतं?' पुढे वाचा.

तिने नुसतंच त्या निळ्या अक्षरांवर माऊस नेला. दाबला नाही. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"मी गाढव आहे," मी म्हणालो.

"आहेस," ती म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले. मग जरा वेळाने म्हणाली, "नवीन फाइल उघड. मी सांगते, तू टाइप कर. आज आठवतंय तेवढं तरी राहू दे."

मी फाइल उघडली. ती डोळे मिटून सांगू लागली आणि मी लिहू लागलो: 'कृपया आधी सुई बदला.'

"बाबा कृपया म्हणायचे नाहीत. खोड ते."

मी खोडलं.

"'सुई बदला. सुईखालच्या दातांत दोरा अडकला असेल तो चिमट्याने काढा, ओढू नका. मशीन खिडकीपाशी हलवा. उजेड उजव्या बाजूने येऊ दे, डाव्या हाताच्या माणसाला तोच बरा पडतो.'" ती थांबली. "मी डावखुरी आहे हे मी प्रश्नात कुठेच लिहिलं नव्हतं. तेवढ्यावरून मला कळलं, की त्यांनी मला ओळखलंय."

मी मान वळवून पाहिलं. खिडकीपाशी मशीन होतं. इतकी वर्षं ते तिथेच आहे.

"त्यानंतर एक ओळ होती," ती म्हणाली. "तेलाबद्दल. नेहमीसारखी नव्हती, काहीतरी छान होती." तिने कपाळावर हात दाबून धरला. "नाही आठवत रे."

"रिकामी सोडू?"

"सोड."

मी एक ओळ रिकामी सोडली. मशीनच्या खटक्यापेक्षाही मोठा आवाज झाला त्या एंटरच्या बटणाचा, असं मला वाटलं.

"शेवट आठवतो," ती म्हणाली. "'ज्याने मशीन उघडलं त्याच्यावर रागावू नका. दुरुस्त करायलाच गेला होता बिचारा. फक्त यापुढे स्क्रूड्रायव्हर त्याला सापडणार नाही अशा जागी ठेवा.'"

माझी बोटं 'बिचारा'वरच थांबली होती. मला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी हसूही, आणि दोन्ही एकदम आवरण्याच्या नादात खुर्ची पुन्हा डुगडुगली. मी तिच्याकडे पाहिलं. ती स्क्रीनकडेच बघत होती.

"म्हणजे इतकी वर्षं तू तो..."

"बाबांनी सांगितलं होतं."

"कुठे असतो तो?"

"आधी सेव्ह कर," ती म्हणाली.